बाईंना कळालं का?

डीन म्हणजे सरकारी दवाखान्यातला सगळ्यात मोठा डॉक्टर, एवढंच आमच्या गावाला माहीत होतं. त्यामुळे माळावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं विद्यापीठ झालं आणि तिथं डीन नेमले असं कळल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या केबिनबाहेर चार म्हाताऱ्या गुडघे दाखवायला येऊन बसल्या. मी त्याच इमारतीत झाडलोटीला होते. मी त्यांना हसले नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. उलट आतली ओळख म्हणून मी माझ्या नवऱ्याला मागच्या जिन्याने त्यांच्या आधी आत नेलं.

नवऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चाकणकडच्या एका छोट्या कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये गेलेली. पत्रा दाबून त्याचे भाग काढणारं ते मशीन, प्रेस म्हणतात त्याला. वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो आणि मधे जे असेल ते कापतो. उरलेली तीन बोटं थंडीत आखडायची, त्यावर काही औषध आहे का एवढंच विचारायचं होतं.

सरांनी तो हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाले, "किती टनाची प्रेस?"

नवरा एकदम ताठ बसला. म्हणाला, "पन्नास."

"पायाची का बटणाची?"

"बटणाची, साहेब. दोन बटणं. दोनी हातानं दाबल्याबिगर खाली येत न्हाई."

"दोन्ही हात बटणावर असताना बोटं आत कशी गेली मग?"

नवरा माझ्याकडे बघेना. तीन वर्षं त्याने मला, सासूला, भावकीला, सगळ्यांना सांगितलं होतं की मशीन बिघडलं आणि आपोआप खाली आलं. डीनसाहेबांना त्याने तीन मिनिटांत खरं सांगितलं.

"एका बटणात काडी खोचली व्हती. एक हात मोकळा राहिला की नग पटापट निघतात."

"कसली काडी?"

"आइस्क्रीमची. ती बराबर बसती."

सरांनी ते कागदावर लिहून घेतलं, काडीचं चित्रसुद्धा काढलं. मग म्हणाले, "मी माणसाचा डॉक्टर नाही हो. हाताचं माझ्याच्यानं काही व्हायचं नाही." नवऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. घरी येताना तो म्हणाला, "लई हुशार माणूस हाय. पयल्यांदा कुणीतरी नीट इचारलं." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, ते त्या काडीमुळे.

बाहेरच्या चार म्हाताऱ्यांनाही सरांनी तेच सांगितलं. त्यातली एक पुढच्या आठवड्यात मिक्सर घेऊन आली. "गुडघ्याचं जमत न्हाई म्हनतोस, तर ह्येचं बघ," म्हणाली. त्यांनी तो टेबलावर उघडला आणि चालू करून दिला. तेव्हापासून विद्यापीठाच्या डीनच्या दारात शनिवारी मिक्सर, फवारणीचे पंप आणि शिलाई मशीन घेऊन माणसं बसायची. वरच्या लोकांना ते आवडत नव्हतं. सरांनी कुणाला काय आवडतं हे कधी विचारलंच नाही.

सर मूळचे लातूरकडचे. आयटीआय करून भोसरीच्या कारखान्यात लेथ मशीनवर उभे राहिलेले, तिथून शिकत शिकत वर आलेले. एवढं शिकले पण बोली सोडली नाही. 'कळलं' कधी म्हणाले नाहीत, 'कळालं' म्हणायचे. वर्गात दर पाच मिनिटांनी "कळालं का?" पोरं त्यांना पाठीमागं 'कळालं सर' म्हणायची. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी एकदा सगळ्यांसमोर त्यांना सुचवलं, "सर, शुद्ध शब्द कळलं असा आहे." सर म्हणाले, "तुम्हाला कळालं ना? मग झालं."

मीही त्यांना बोलायचे. म्हणायचे, "आमच्यात कळलं म्हणतात. कळालं म्हणजे कायतरी गळाल्यासारखं वाटतं." त्यावर ते म्हणायचे, "बाई, तुम्ही फरशी पुसा." सगळं विद्यापीठ मला मावशी म्हणायचं. सर एकटे बाई म्हणायचे. मला ते बरं वाटायचं. मी कुणाची मावशी नव्हते, कामाला होते.

लोक आता म्हणतात ते देवमाणूस होते. तसलं काही नाही. तापट होते. पोरांच्या फायली खिडकीतून फेकायचे आणि मला खाली जाऊन कागद गोळा करावे लागायचे. नावं लक्षात राहायची नाहीत, प्राध्यापकांनासुद्धा ते शिकवतात त्या मशीनच्या नावाने "ए मिलिंग, इकडं या" म्हणायचे. चौदा वर्षांत त्यांनी मला एकदाही, बाई कशा आहात, असं विचारलं नाही. खूप खूश झाले तर "चालंल" म्हणायचे. त्याच्या वरचा शब्द त्यांच्याकडे नव्हता. कुणाच्याही लिफ्टमध्ये शिरले की कान भिंतीला लावायचे. वाकडच्या एका मोठ्या सोसायटीत लग्नाच्या जेवणाला गेले आणि नवरानवरीला भेटायच्या आधी वॉचमनला सांगून आले की तुमच्या लिफ्टचं बेअरिंग गेलंय. त्यांच्या बायकोने हे मला सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती.

त्यांचे सत्कार खूप व्हायचे. शाल मिळाली की ती घरी न नेता वर्कशॉपमध्ये आणायचे आणि मशीनवर घालायचे, धूळ बसू नये म्हणून. आमच्या वर्कशॉपमधल्या प्रत्येक लेथला जरीकाठाची शाल होती. त्या मीच धुवायचे. एकदा संस्थेचे अध्यक्ष पाहुणे घेऊन आले आणि त्यांनी स्वतः दिलेली शाल ड्रिलिंग मशीनवर दिसली. अध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं झालं. सर म्हणाले, "रोज आठ तास उभं राहतंय. मी तर बसूनच असतो." त्यानंतर त्यांना अध्यक्षांकडून शाल मिळाली नाही. ग्राइंडर उघडाच राहिला.

विद्यापीठाने त्यांना गाडी दिली होती. ते रावेतहून दोन बस बदलून यायचे आणि गाडी पोर्चमध्ये उभी असायची. ड्रायव्हर तिच्यात बसून पेपर वाचायचा.

आता माझ्या स्टुलाचं सांगते.

शेवटच्या वर्षाची मुलं एक काहीतरी यंत्र बनवतात, त्याला प्रोजेक्ट म्हणतात. ते प्राध्यापकांच्या पुढे समजावून सांगावं लागतं. एकदा असंच चाललं होतं आणि मी मागे फरशी पुसत होते. एक मुलगा इंग्रजीत धाडधाड बोलला. सगळे माना हलवत होते. सरांनी विचारलं, "कळालं का सगळ्यांना?" सगळे हो म्हणाले. सरांनी एका प्राध्यापकांना उभं केलं आणि म्हणाले, "सांगा मग." त्यांना दोन वाक्यांच्या पुढे जाता येईना. मग सर माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्हाला कळालं का?"

"न्हाई."

"या खोलीत खरं बोलणारं एकच माणूस निघालं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खुर्च्यांच्या रांगेत वर्कशॉपमधलं एक लाकडी स्टूल आलं. ते माझं. नियम असा झाला की प्रत्येकाने आपलं यंत्र पाच मिनिटांत बाईंना समजावून सांगायचं. मी कळलं म्हणाले तरच डीनची सही. मी चौथी शिकलेली. बिहारच्या मुलांनी हिंदीत सांगितलं, केरळच्या एका मुलीने हातवारे करून सांगितलं, मला कळलं. आमच्याच तालुक्यातल्या एका सरपंचाच्या पोराने मराठीत सांगितलं आणि अजिबात कळलं नाही. तो म्हणाला, "मावशी, तुला काय कळणार?" मी म्हणाले, "मला न्हाई कळलं तर तुझी सही न्हाई. आता तुला कळलं का?" सर खिडकीतून बाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

हे स्टूल सरांनी एकदा माझ्याकडून काढून घेतलं.

ती मुलगी कुरुळीत राहायची. आई-बाप बीडकडचे, एका खोलीत पाच जण, बाप कंपनीत कंत्राटी कामगार. मुलगी हुशार. चाकणमधल्या एका कंपनीने तिला घ्यायचं कबूल केलं होतं, पण प्रोजेक्ट पास झाल्याचं डीनच्या सहीचं पत्र आठ दिवसांत पोचलं पाहिजे होतं. नाहीतर जागा दुसऱ्याला. तिने प्रेसचं काहीतरी केलं होतं. जुन्या, स्वस्तातल्या प्रेसना बसवता येईल अशी एक छोटी पेटी. ती उभी राहिली आणि घाबरून सेन्सर, कंट्रोलर, सर्किट असं भराभरा बोलत गेली. मधेच रडायला लागली. मला काही कळलं नाही. पण तिचं सगळं माझ्या एका शब्दावर अडलंय हे मला माहीत होतं.

सरांनी विचारलं, "बाईंना कळालं का?"

"व्हय. कळलं."

सर पेन काढत होते, ते थांबले. "काय कळालं?"

मी पदर सारखा करायला लागले.

"बाई, खोटं कशाला बोलायलात?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "यात एवढंच आहे की दोन बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. आता सांगा. तुमच्या मालकानं काय केलं असतं?"

माझ्या तोंडातून शब्द आला, "काडी."

"हिनं काडीचं काही केलंय का?"

मुलीने मान हलवली. तिला काडी माहीतच नव्हती. ती पुस्तकातून शिकली होती आणि पुस्तकात आइस्क्रीमची काडी नसते.

"या खोलीत ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं," सर म्हणाले. "कळून घेतलं असतं तर तुम्ही ते विचारलं असतं. ही पेटी अशीच एखाद्या शॉपमध्ये बसली असती आणि लोक म्हणाले असते, आता भीती नाही. मग कुणाची तरी बोटं गेली असती, आणि त्यावर सही माझी राहिली असती." त्यांनी स्टूल उचललं आणि स्वतः वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवलं. मुलीला सही मिळाली नाही.

मला राग आला. मान द्यायचा आणि चारचौघांत काढून घ्यायचा, ही काय रीत झाली? संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं तो माझी बाजू घेईल. तो म्हणाला, "त्या पोरीला घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन आले. नवऱ्याने तिला ओट्यावर बसवलं आणि प्रेसला कसं फसवायचं ते सगळं सांगितलं. काडी, सायकलच्या ट्यूबचं रबर, चिकटपट्टी, दगड, शेजारच्याला दाबायला सांगणं. सुपरवायझरला दिसू नये म्हणून काय करायचं तेही. जन्मात एखाद्याने पहिल्यांदाच त्याची शिकवणी लावल्यासारखा तो बोलत होता. मुलगी वहीत लिहीत होती. मी चहा ठेवला आणि मधे मधे विचारत राहिले, हे काय, ते कशाला. तिसऱ्या दिवशी तिची पेटी मला कळली. दोन्ही बटणं एकदम दाबायची आणि प्रत्येक दणक्यानंतर दोन्ही सोडायची. एक जरी बटण दाबलेलंच राहिलं, तर प्रेस पुढच्या वेळी हलणारच नाही. काडी खोचणाऱ्याचं मशीन बंद पडणार. एवढं सोपं होतं. पहिल्या दिवशी तिने ते असं सांगितलं असतं तर मी काडीचं विचारलं असतं. अर्थात मीही म्हणायला हवं होतं की पोरी, हळू सांग.

आठव्या दिवशी सकाळी मुलीने पेटी आणि ती वही सरांपुढे ठेवली. सर मला म्हणाले, "बाई, मालकाला बोलवा. येताना सगळं सामान आणा म्हणावं."

वर्कशॉपमधल्या जुन्या प्रेसवरची शाल काढली. मुलीने पेटी जोडली. बोटांच्या जागी ठेवायला सरांनी कँटीनमधून काकडी मागवली. नवरा पिशवी घेऊन आला, तिच्यात काड्या, रबर, दगड, कपड्यांचा चिमटा. सगळे प्राध्यापक गोल उभे. सर म्हणाले, "फसवा हिला."

नवऱ्याने काडी खोचली. प्रेस एकदा खाली आली आणि मग गप्प. रबर लावलं. गप्प. चिमटा, दगड, सगळं झालं. "न्हाई जमत राव," तो म्हणाला. मुलीचा चेहरा उजळला. मग नवरा म्हणाला, "थांबा. एक राहिलं." तो मशीनला चिकटून उभा राहिला, एका बटणावर हात ठेवला आणि एकाला पोट लावलं. पोट मागे घेऊन पुन्हा पुढे घेता येतं, तेव्हा पेटीला काय कळणार? आणि दुसरा हात मोकळा. त्या हाताने त्याने काकडी आत सारली, हात काढून घेतला आणि दोन्ही बटणं एकदम दाबली. प्रेस खाली आली. काकडीचे दोन तुकडे झाले.

नवरा आपल्या तीन बोटांकडे बघत उभा. मुलगी खाली बसली. दुपारचे दोन वाजले होते आणि पाचला कंपनीचं ऑफिस बंद होणार होतं.

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, कळालं का?"

"कळलं," मी म्हणाले. "बटणं वर हायेत म्हणून पोट पोचतंय. ती खोल पायजेत. हातच गेला पायजे, दुसरं कायबी न्हाई. घरात मिठाची बरणी नसती का, बोटं घालावी लागतात, तसं."

मुलगी उठली. भंगारात नळाच्या जाड पाइपचे तुकडे पडले होते. तिने दोन कापले आणि प्रत्येक बटणाभोवती एक बसवला. नवऱ्याने पोट लावून बघितलं, कोपर लावून बघितलं, गुडघा लावायला गेला तर पडता पडता वाचला. दुसरी काकडी तशीच्या तशी राहिली. शेवटी त्याने ती उचलली आणि खाल्ली.

"चालंल," सर म्हणाले, आणि सही केली.

मग त्यांनी पोर्चमधली गाडी मागवली. ड्रायव्हरला वाटलं कुणी मेलं. सर आणि मुलगी गाडीत बसून निघाले आणि चाकणच्या चौकात जशा सगळ्यांच्या गाड्या अडकतात तशी तीही अडकली. दोघं उतरले आणि कंटेनरच्या रांगांमधून चालत, शेवटी पळत कंपनीच्या गेटवर पोचले. पाचला पाच मिनिटं कमी होती. दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "म्हणून मी गाडीत बसत नाही." मी प्रोजेक्टच्या खोलीत झाडायला गेले तर स्टूल रांगेत होतं.

त्यानंतर मी त्या स्टुलावर बसून कळलं नसताना कळलं म्हणाले नाही. पोरं रडली, पाया पडली, एकाने साडी आणली. मी साडी परत दिली आणि त्याला सांगितलं, पहिल्यापासून सांग, सावकाश.

सर निवृत्त झाले, मीही झाले. यंदा उन्हाळ्यात ते गेले. विद्यापीठाने मोठ्या हॉलमध्ये सभा ठेवली. मला पहिल्या रांगेत खुर्ची होती, शेजारी नवरा. एका मोठ्या पाहुण्यांनी भाषण केलं. शिक्षणक्षेत्र, दीपस्तंभ, अपरिमित हानी, असं बराच वेळ चाललं. ते संपल्यावर टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना समजेना. तेवढ्यात मागून कुणीतरी जुन्या विद्यार्थ्याने आवाज दिला, "बाईंना कळालं का?"

सगळा हॉल हसला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, पाहुणेसुद्धा. मी उभी राहिले आणि म्हणाले, "न्हाई."

तेव्हा कुरुळीची ती मुलगी स्टेजवर गेली. आता ती मोठ्या हुद्द्यावर आहे, हाताखाली माणसं आहेत. तिची पेटी आसपासच्या बऱ्याच छोट्या शॉपमध्ये बसली आहे. तिने माइक हातात घेतला आणि भाषणवाल्यांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलली.

"मावशी, सरांनी मला पहिल्या दिवशी सही दिली नव्हती. म्हणून माझ्या प्रेसवर काम करणारी माणसं संध्याकाळी दहा बोटांनी जेवतात."

एवढंच बोलून ती थांबली, आणि उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली. नवऱ्याने मला कोपराने ढोसलं.

"कळालं," मी म्हणाले.

आमच्यात तसं म्हणत नाहीत. त्या दिवशी म्हणाले.